शहरांचे वैद्य : सर पॅट्रिक गेडीस

मुंबईच्या किंवा ठाण्याच्या जुन्या वस्तींतून भर पावसाळ्यांत चालण्याचा प्रसंग ज्यांस आला आहे, त्यांस शहर म्हणजे काय हें शिकविण्याचें कारण नाहीं. पाणी कोठें तुंबतें, वारा कोठून येतो, कोणत्या विहिरीवर गर्दी असते आणि कोणत्या बोळांत ऊन कधींच शिरत नाहीं, हें तेथील पोराबाळांसही ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें बहुधा नकाशा काढणारांस. शहर सुधारावयाचें तर प्रथम तें पायांनीं हिंडून पाहिलें पाहिजे, तेथील जमीन, पाणी, हवा, झाडें आणि माणसें यांचा एकमेकांशीं असलेला संबंध ओळखला पाहिजे, आणि मगच पेन्सिल हातीं घेतली पाहिजे, असा आग्रह धरून एक पांढऱ्या दाढीचा स्कॉच प्रोफेसर 1914 पासून 1924 पर्यंत, मधले कांहीं खंड सोडले तर, आपल्या देशाच्या गल्लीबोळांतून हिंडला. ज्यास हल्लीं पर्यावरणाचा विचार म्हणतात, तो नगररचनेंत आणणारांपैकीं हे अग्रणी होत. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें असें पुष्कळ दिवस आमच्या मनांत होतें.

पॅट्रिक गेडीस यांचा जन्म स्कॉटलंडांतील अॅबर्डीनशायर परगण्यांत बॅलॅटर या गांवीं 2 ऑक्टोबर 1854 रोजीं झाला. वडील अलेक्झांडर गेडीस हे हायलंडर पलटणींत नोकरीस होते. भावंडांत हा मुलगा सर्वांत धाकटा. तो लहान असतांनाच कुटुंब पर्थ शहराशेजारीं एका टेंकडीच्या उतारावर राहावयास आलें. घर लहान, परंतु तेथून खालीं टे नदी, तिच्या कांठचें शहर, भोंवतालचीं शेतें आणि दूरचे डोंगर असा सबंध प्रदेश एका दृष्टिक्षेपांत दिसत असे. नदी डोंगरांतून निघून गांवावरून समुद्राकडे कशी जाते हें या मुलानें पुस्तकांत वाचण्यापूर्वीं रोज डोळ्यांनीं पाहिलें, आणि पुढील सर्व विचारांचें बीज तेथेंच पडलें असें आम्हांस वाटतें. वडिलांनीं त्यास बागकाम शिकविलें. घरचें वळण फ्री चर्चचें, म्हणजे प्रार्थना, पवित्र शास्त्राचें वाचन आणि रविवार यांविषयीं कडक. (फ्री चर्च हें नांव आपल्याकडे अपरिचित नाहीं, मुंबईचे डॉ. जॉन विल्सन 1843 सालीं त्याच मंडळीस मिळाले होते.) मोठेपणीं आमचे चरित्रनायक त्या चाकोरींत राहिले नाहींत, हें लपविण्याचें कारण नाहीं. तथापि शेजाऱ्याचें दुःख हें आपलें काम होय, ही त्या घराची शिकवण त्यांनीं कधीं टाकिली नाहीं.

शाळा संपल्यावर वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांनीं पर्थ येथील एका बँकेंत सुमारें दीड वर्ष कारकुनी केली. पुढें 1874 सालीं वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठीं एडिंबरो विश्वविद्यालयांत नांव घातलें, आणि एका आठवड्यांत तें सोडलें! तेथील शिक्षण त्यांस निर्जीव वाटलें. तेथून ते लंडनला प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ हक्सले यांच्या हाताखालीं गेले व कांहीं वर्षें प्रयोगशाळेंत राबले. पदवी मात्र त्यांनीं कधींच घेतली नाहीं. आमच्या मुलांनीं याचा भलता अर्थ घेऊं नये व पालकांनींही घाबरूं नये. हक्सलेसारख्या गुरूच्या हाताखालीं जी घासाघीस होते ती पुष्कळ पदव्यांहून कठीण असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत ते काम करीत असतां एके दिवशीं डार्विन स्वतः प्रयोगशाळेंत आले. त्या वृद्ध शास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकांतून दिसणाऱ्या क्षुद्र जीवांकडे लहान मुलाच्या आनंदानें पाहिलें, ही आठवण गेडीस यांनीं जन्मभर जपली.

1878 सालीं ते फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरील रॉस्कॉफ येथील संशोधनकेंद्रांत गेले. तेथें त्यांनीं एका हिरव्या कृमीचा अभ्यास केला. या कृमीच्या शरीरांत वनस्पतींप्रमाणें हरितद्रव्य असतें व तो उन्हांत पडून राहतो. जीवसृष्टींत झगडाच आहे असें त्या काळीं जो तो म्हणत असतां, एक जीव दुसऱ्यास सांभाळून कसा जगतो इकडे या तरुणाचें लक्ष वळलें. पॅरिसमध्यें त्यांस ल प्ले या समाजशास्त्रज्ञाच्या विचारांचा परिचय झाला. स्थळ, धंदा व कुटुंब या तिहींचा एकत्र विचार केल्यावांचून समाज कळत नाहीं, हें त्या मताचें सार. गेडीस यांनीं तें उचललें आणि आपल्या जीवशास्त्राशीं त्याची सांगड घातली.

इतक्यांत एक मोठें संकट कोसळलें. 1879 सालीं ते वनस्पति व प्राणी यांचे नमुने गोळा करण्यासाठीं मेक्सिकोस गेले असतां त्यांची दृष्टि एकाएकीं गेली. कित्येक आठवडे डोळ्यांस पट्टी बांधून काळोख्या खोलींत पडून राहण्याचा प्रसंग आला. वय अवघें पंचविशीचें, परका देश, आणि ज्या डोळ्यांवर सर्व विद्येची मदार तेच गेलेले! एके दिवशीं हात चाचपडत खिडकीवर गेला. बोटांस तिचे चौकोनी गाळे लागले. प्रत्येक गाळ्यांत एकेक कल्पना मांडली तर त्यांचे आडवे-उभे संबंध मनानें पाहतां येतील असें त्यांस सुचलें, आणि पुढें कागदाच्या घड्या घालून तेंच ते करूं लागले. दृष्टि परत आली. परंतु सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसण्याचें सामर्थ्य उरलें नाहीं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेंतून हा मनुष्य शहराच्या रस्त्यावर आला, त्याचें एक मोठें कारण हें आहे.

1880 पासून ते एडिंबरोस वनस्पतिशास्त्र शिकवूं लागले. 1886 सालीं लिव्हरपूल येथील एका व्यापाऱ्याची कन्या अॅना मॉर्टन हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. नवविवाहित जोडप्यानें बिऱ्हाड कोठें करावें? जुन्या एडिंबरोंत जेम्स कोर्ट म्हणून एक चाळवजा उंच इमारतींचा वाडा होता. शंभर वर्षांपूर्वीं तेथें तत्त्ववेत्ते ह्यूम यांच्यासारखे लोक राहत. पुढें श्रीमंतांनीं नवें शहर वसविलें व ते तिकडे गेले, आणि या घरांत अत्यंत गरीब लोकांची दाटी झाली. गेडीस पतिपत्नी तेथें जाऊन राहिलीं. सौ. अॅनाबाईंस पियानोची आवड, सुस्थितींत वाढलेल्या; तरी त्यांनीं कुरकूर केली नाहीं. दोघांनीं स्वतः खराटा व चुन्याची बादली हातीं घेतली. भिंतींस सफेती दिली, खिडकींत फुलझाडें ठेविलीं. शेजारी प्रथम नवलानें पाहूं लागले, मग मदतीस आले. व्याख्यान देऊन झालें नसतें तें बादलीनें झालें. 1887 सालीं जवळच विद्यार्थ्यांनींच चालवावयाचें वसतिगृह उघडलें. पुढें जुनीं घरें एकेक घेऊन, अगदीं मोडकळीस आलेलें तेवढें पाडून, बाकीचीं दुरुस्त करून, मधल्या जागेंत उजेड व वारा आणावयाचा, असा क्रम चालला. या पद्धतीस ते जपून केलेली शस्त्रक्रिया मानीत. चांगला वैद्य दुखरें बोट पाहून सबंध हात तोडीत नाहीं.

1888 सालीं डंडी येथील कॉलेजांत ते वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर झाले. एका स्नेह्यानें ही जागा निर्माण करण्यास द्रव्य दिलें होतें, व तींत उन्हाळ्याच्या सत्रापुरतेंच शिकविणें असे. म्हणून वर्षाचा उरलेला काळ इतर उद्योगांस मोकळा राही. ही जागा त्यांनीं 1919 पर्यंत सांभाळली.

एडिंबरोच्या किल्ल्याजवळ एक जुना मनोरा होता. तो 1892 सालीं त्यांनीं घेतला. या मनोऱ्याची योजना शिक्षकांनीं मुद्दाम लक्षांत घेण्याजोगी आहे. पाहुणा आला म्हणजे गेडीस त्यास जिने चढवीत भराभर थेट माथ्यावर नेत, कां कीं धांप लागून रक्त खेळूं लागलें म्हणजे मनही जागें होतें. वर एका अंधाऱ्या खोलींत भिंगाच्या योगानें पांढऱ्या मेजावर सबंध शहराचें हालतें चित्र पडे : धूर, झाडें, गाड्या, माणसें. मग गच्चीवरून तेंच शहर उघड्या डोळ्यांनीं पाहावयाचें. त्यानंतर एका लहानशा निवांत कोठडींत एकटेंच बसून पाहिलेलें मनांत मुरवावयाचें. आणि मग एकेक मजला उतरत एडिंबरो, स्कॉटलंड, इंग्रजी भाषा बोलणारे देश, युरोप व शेवटीं तळाशीं सर्व जग अशीं प्रदर्शनें पाहात रस्त्यावर यावयाचें. आपल्या गांवापासून आरंभ करून जगापर्यंत जाणारें भूगोलाचें याहून चांगलें पुस्तक आम्हीं पाहिलेलें नाहीं.

या मनोऱ्यांत त्यांनीं मांडलेलें एक चित्र विशेष प्रसिद्ध आहे. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीचें खोरें उभें कापलें आहे अशी कल्पना करावयाची. वर खाणीवाला, त्याखालीं लांकूडतोड्या व शिकारी, मग मेंढपाळ, उतारावर नाचणीवरीसारखें हलकें पीक काढणारा गरीब शेतकरी, सपाटीवर गव्हाचा सधन शेतकरी, आणि मुखाशीं कोळी. (नाचणीवरी हा आमचा पदरचा शब्द, स्कॉटलंडांत तेथें ओट पिकतो.) प्रत्येक धंदा जमिनीनें घडविला आहे व शहर हें या सर्वांचें फळ आहे. म्हणून शहराचा विचार त्याच्या वेशीपाशीं थांबवितां येत नाहीं. वरच्या डोंगरावर झाडें तोडलीं तर खालच्या पेठेंत पाणी शिरतें. सह्याद्रीपासून अरबी समुद्रापर्यंतच्या आमच्या कोंकणपट्टीस हें चित्र किती जुळतें हें सातव्या इयत्तेंतील मुलगाही सांगूं शकेल. शहरें वाढतां वाढतां एकमेकांत मिसळून जो अखंड पसारा होतो, त्यास कॉनर्बेशन हा शब्द गेडीस यांनींच आपल्या 1915 सालच्या ग्रंथांत प्रथम योजिला. मुंबई, ठाणें, कल्याण हा पट्टा आज त्याचें ढळढळीत उदाहरण आहे.

जुन्या एडिंबरोंतील पडीक मोकळ्या जागांची त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पायांनीं फिरून मोजदाद केली. उकिरडे झालेल्या अशा सुमारें पाऊणशें जागा निघाल्या, व त्यांचें क्षेत्र एकत्र केल्यास दहा एकरांच्या आसपास भरलें. ज्या वस्तींत मुलांस खेळावयास वीतभर जागा नाहीं असें सर्व म्हणत होते, तेथें दहा एकर! त्यांपैकीं कांहींच्या बागा झाल्या. हें काम मुख्यतः त्यांची कन्या नोरा हिनें केलें.

1911 सालीं त्यांनीं नगररचनेचें मोठें प्रदर्शन लंडनमध्यें भरविलें. पुढें तें एडिंबरो, डब्लिन, बेलफास्ट येथें गेलें, आणि 1913 सालीं बेल्जममध्यें घेंट येथें त्याचा मोठा गौरव झाला. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनीं 1914 सालीं त्यांस हिंदुस्थानांत बोलाविलें. वय साठ. मुलगा अॅलिस्टर यास बरोबर घेऊन ते निघाले. प्रदर्शनाचें सामान क्लॅन ग्रँट नांवाच्या दुसऱ्या जहाजावर होतें. महायुद्ध नुकतेंच सुरू झालें होतें. एम्डन या जर्मन लढाऊ जहाजानें ऑक्टोबर महिन्यांत क्लॅन ग्रँट बुडविलें, आणि कैक वर्षें जमविलेले नकाशे, चित्रें व आराखडे समुद्राच्या तळाशीं गेले. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. गेडीस यांनीं मित्रांस पत्रें पाठविलीं; विलायतेंतील सहकाऱ्यांनीं मिळेल तें साहित्य गोळा करून धाडलें, आणि 1915 च्या आरंभीं मद्रासेस प्रदर्शन उघडलें सुद्धां.

त्या वेळीं आपल्या शहरांची स्थिति काय होती हें सांगितल्याशिवाय त्यांच्या कामाचें महत्त्व कळणार नाहीं. 1896 सालीं मुंबईंत प्लेग शिरला. दाट वस्ती हेंच रोगाचें घर असें ठरून 1898 सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, व पुढें इतर शहरांतूनही असे ट्रस्ट निघाले. हेतु चांगला होता. परंतु पद्धति बहुधा एकच : नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारावयाची, आणि रेघेखालीं जीं घरें येतील तीं पाडून रुंद रस्ता काढावयाचा. पाडलेल्या घरांतील माणसें जावीं कोठें? तीं शेजारच्याच बोळांत शिरत, व एका खोलींत जेथें पांच होतीं तेथें दहा होत. एका वस्तींतील रोगट दाटी उठून दुसरींत जाई, आणि रस्ता रुंद झाला म्हणून अहवालांत समाधान व्यक्त होई.

गेडीस यांची रीत निराळी. ऊन तापण्यापूर्वीं पहांटे उठून ते नकाशा घेऊन पायीं निघत. प्रत्येक बोळांत शिरत. विहीर, देऊळ, मशीद, पार, पडका वाडा, घराच्या अंगणांतील तुळस, सर्व टिपून घेत. तंजावर येथें आंखलेल्या नव्या सरळ रस्त्यांऐवजीं त्यांनीं असें सुचविलें कीं, आहेत तेच बोळ थोडे सांधावे, अगदीं राहण्यास अयोग्य झालेलीं घरें तेवढीं काढावीं, आणि त्या जागीं लहान चौक करून झाडें लावावीं. खर्च मूळ योजनेच्या सुमारें एक षष्ठांश येत होता, व बेघर होणारीं माणसें फारच थोडीं.

पाण्याविषयीं त्यांचें मत आज आम्हांस विशेष मोलाचें वाटतें. नळ आले म्हणून विहिरी बुजवूं नयेत. नळ कधीं ना कधीं फुटतो वा आटतो, आणि त्या दिवशीं जुनी विहीर गांवाचा जीव वांचविते, असें ते सांगत. तळीं बुजविण्यासही त्यांचा विरोध होता, कारण पावसाचें पाणी सांठविण्याचें व भोंवतालची हवा थंड राखण्याचें काम तींच करतात. येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. तळीं-विहिरी बुजवा म्हणणाऱ्या डॉक्टरांचें म्हणणें खोटें नव्हतें. मुंबईंत विहिरींतील डांसांमुळें हिंवताप पसरतो हें डॉ. बेंटले यांनीं पाहणी करून दाखविलें होतें. गेडीस यांसही डांस मारावयाचेच होते. परंतु त्यासाठीं तळ्यांत मासे सोडावे, बदकें पाळावीं, म्हणजे तीं डांसांच्या अळ्या खातील, असा त्यांचा तोडगा होता. प्रत्येक ठिकाणीं तो पुरा पडला असता असें आम्ही छातीवर हात ठेवून म्हणणार नाहीं. पण 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस पडून मिठी नदी घराघरांत शिरली, तेव्हां खाड्या, तळीं व ओढे बुजविल्याची किंमत काय असते हें मुंबईकरांस कळून चुकलें.

1917 हें वर्ष त्यांच्या आयुष्यांत काळरात्रीसारखें आलें. अॅलिस्टर हिंदुस्थानांतून परतून फ्रान्समधील रणभूमीवर बलुनांतून टेहळणी करण्याच्या कामावर होता. तो एप्रिल महिन्यांत तोफगोळ्यानें मारला गेला. ती बातमी हिंदुस्थानांत आली तेव्हां अॅनाबाई तापानें अंथरुणास खिळल्या होत्या. हा धक्का त्यांस सोसणार नाहीं म्हणून पतीनें ती त्यांस सांगितली नाहीं. मुलाचीं जुनीं पत्रें ते आजारी आईस वाचून दाखवीत राहिले, आणि तो गेला आहे हें एकट्यानें मनांत ठेविलें. जून महिन्यांत कलकत्त्यास अॅनाबाई वारल्या; मुलगा आपल्याआधीं गेला हें त्यांस अखेरपर्यंत कळलें नाहीं. तीस वर्षांचा संसार व ज्येष्ठ पुत्र हीं दोन्ही तीन महिन्यांच्या आंत गेलीं. गेडीस कामावर परत गेले.

तुकोजीराव होळकर यांच्या इंदूर संस्थानासाठीं त्यांनीं केलेला अहवाल 1918 सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यांच्या सर्व अहवालांत हा मोठा गणला जातो. नदीकांठ स्वच्छ करून बागा कराव्या, मैला व कचरा नदींत लोटण्यापेक्षां त्याचें खत करून जमिनीस द्यावें, गिरण्यांतील मजुरांसाठीं बागांसह घरें बांधावीं, आणि मध्य हिंदुस्थानासाठीं एक विश्वविद्यालय काढावें, इतका त्याचा विस्तार. इंदुरांत त्या वेळीं प्लेग होता, आणि हा गोरा मनुष्य हातांत नकाशा घेऊन हिंडतो म्हणजे घरें पाडावयास आला आहे, अशा समजुतीनें लोक त्याच्याकडे भीतीनें पाहात. पुढील हकीकत गेडीस यांनीं स्वतः सांगितली आहे. त्यांनीं दरबाराकडे एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला व दिवाळीस मोठी मिरवणूक जाहीर केली. ती नेहमींच्या मार्गानें न जातां ज्या आळींतील लोक आपलीं घरें सर्वांत अधिक झाडून व दुरुस्त करून ठेवतील तिकडून जाईल, अशी दवंडी पिटविली. मग काय! गाड्याच्या गाड्या भरून केर बाहेर पडला, घरोघर सफेती झाली.

मिरवणुकींत प्रथम हत्ती, घोडे, धान्य व कापूस यांचे देखावे होते. त्यामागून पडक्या घरांचीं सोंगें, रोगराईचे राक्षस, आणि एक प्रचंड उंदीर, प्लेगच्या पिसवांसह. त्यापाठीमागें कोण होते? शहरांतील झाडूवाले. नवीं शुभ्र वस्त्रें, डोक्यास रंगीत पागोटीं, हातांत नवे झाडू, आणि त्या झाडूंसही फुलांच्या माळा. गेडीस यांनीं त्यांच्या म्हाताऱ्या नाईकास सर्वांदेखत आदरानें नमस्कार केला. ज्यांची सावलीही लोक टाळीत त्यांस भर बाजारांतून मानानें नेण्यांत आलें. त्यांच्यामागून नव्या शहराची देवता व भावी घरांचे नमुने, आणि शेवटीं माळी, फुलें व वांटण्यासाठीं रोपें. रात्रीं राक्षस व उंदीर यांचें दहन झालें. प्लेग पुढें ओसरला. त्यास ऋतूचा पालटही कारण असेल. परंतु त्या दिवसापासून बोळांतील लोकांनीं त्यांस पाहून दार लावून घेणें सोडलें. इंदुरानें 2017 पासून 2023 पर्यंत ओळीनें सात वेळां देशांतील स्वच्छ शहरांत पहिला क्रमांक मिळविला, हें वाचतांना आम्हांस त्या माळा घातलेल्या झाडूंची आठवण झाली.

1919 सालीं मुंबई विश्वविद्यालयांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचें नवें अध्यासन निघालें, त्यावर गेडीस यांची नेमणूक झाली. मालवणच्या बाजूस जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांस विलायतेस धाडण्यासाठीं निवडण्यांत त्यांचा हात होता. 1924 सालीं त्यांच्या मागून तो विभाग घुर्ये यांच्याकडेच आला. सर जगदीशचंद्र बसू यांचें चरित्र गेडीस यांनीं 1920 सालीं लिहिलें. रवींद्रनाथांशीं त्यांचा पत्रव्यवहार होता, व धाकटा मुलगा आर्थर यानें कांहीं काळ रवींद्रनाथांच्या ग्रामसुधारणेच्या कामांत भाग घेतला.

त्यांच्यांत दोष नव्हते असें नाहीं. बोलूं लागले म्हणजे थांबत नसत, आणि शब्द दाढींतच विरत. एक काम पुरें होण्याआधीं दुसरें हातीं घेत. पैशाच्या हिशेबांत त्यांनीं मित्रांस अनेकदां अडचणींत आणलें. संस्थानिकांच्या सद्भावनेवर त्यांचा भरंवसा जरूरीपेक्षां अधिक होता असें आमचें मत आहे, कारण त्यांनीं लिहिलेल्या सुमारें पन्नास गांवांच्या अहवालांपैकीं बहुतेक दप्तरांत पडून राहिले. सरकारी इंजिनियरांस हा वनस्पतिशास्त्राचा प्रोफेसर आपल्या कामांत ढवळाढवळ करतो असें वाटे.

मात्र एके ठिकाणीं त्यांचा आराखडा जमिनीवर उतरला. 1919 पासून जेरुसलेमशीं त्यांचा संबंध होता. 1925 सालीं त्यांनीं तेल अव्हीव शहराच्या वाढीची योजना तयार केली. समुद्राकडे जाणारे थोडे मोठे रस्ते, मध्यें शांत लहान गल्ल्या, आणि प्रत्येक घरसमूहाच्या पोटांत सर्वांची एक बाग, अशी तिची मांडणी होती. बदल पुष्कळ झाले, तरी शहराचा उत्तर भाग त्या धर्तीवर वसला, आणि 2003 सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें.

प्रकृति बिघडल्यामुळें 1924 सालीं त्यांनीं मुंबई सोडली व दक्षिण फ्रान्समध्यें माँपेलिये येथें खडकाळ उतारावर विद्यार्थ्यांसाठीं एक निवासी विद्यालय बांधण्यास आरंभ केला. सत्तरी उलटली होती, तरी बागेंतील दगड ते स्वतः रचीत. 1928 सालीं त्यांनीं दुसरा विवाह केला. 1932 च्या आरंभीं सर हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षीं 17 एप्रिल रोजीं माँपेलिये येथेंच त्यांचा अंत झाला.

त्यांचे हिंदुस्थानांतील अहवाल दुर्मिळ झाले होते. जॅकलीन टिर्विट या बाईंनीं त्यांतील निवडक भागांचें पुस्तक 1947 सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केलें. मुंबई इलाख्यांतील सहा गांवांविषयींचा त्यांचा 1915 सालचा अहवाल तर महाराष्ट्र सरकारनें पन्नास वर्षांनीं, 1965 सालीं छापून काढला. एडिंबरोंत किल्ल्याच्या दक्षिणेस वेस्ट पोर्ट नांवाचा भाग आहे. तेथें दोन इमारतींच्या मधल्या उतारावर, उकिरड्याच्या जागीं, नोरा गेडीस हिनें 1910 च्या सुमारास मुलांसाठीं केलेली लहानशी बाग अद्याप आहे.